शब्दचर्चा: ‘फॉर्म गेला’ म्हणजे नेमकं काय गेलं?

धागाकर्ता:
भाऊबीजेला आमच्या नाशिकच्या घरी एका शब्दावरून वाद झाला. फराळाचे डबे रिकामे झाले, वाद अजून मिटलेला नाही. म्हणून इथे मांडतो.

3 नोव्हेंबर 2024, रविवार. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धची तिसरी कसोटी, तिसरा दिवस, जिंकायला 147 धावा. आईने पाट मांडून भोवती रांगोळी काढलेली. सटाण्याहून आलेला मामा टोपी घालून बसला, पण टीव्हीकडे तोंड करून. ‘पूर्वेला तोंड कर रे,’ आई म्हणाली. ‘ताई, आज टीव्ही आहे तीच पूर्व.’ आईने कुंकू लावलं तेव्हा कोहली गेलेला होता. सुपारी-अंगठी ओवाळेपर्यंत जयस्वाल गेला. मामाने ताटात पाकीट टाकायच्या आत सर्फराज फुलटॉसवर झेल देऊन परतला. 29 वर 5.

बाबांनी सुस्कारा सोडला. ‘फॉर्मच गेलाय सगळ्यांचा.’

आत्या माहेरी आलेली होती. ती लहानपणापासून गाणं शिकलेली, आता शिकवते. म्हणाली, ‘दादा, गेला गेला म्हणतोस, पण गेलं काय नेमकं? मराठीत सांग बरं.’

बाबा म्हणाले, लय. आत्याने चकलीचा तुकडा मोडला. ‘लय वेगळी, सूर वेगळा. तुमचे पेपरवाले दोन्ही एकाच वाटीत कालवतात.’ मामाचं तिसरंच, ‘बहर ओसरलाय, दुसरं काही नाही.’ आजीने आतूनच निकाल दिला की पोरांना दृष्ट लागलीय.

तर फॉर्म, लय, सूर, बहर, जम बसणं, हात बसणं, नजर बसणं हे सगळं एकच की वेगवेगळं? माझं मत असं की नाम बघू नका, क्रियापद बघा. फॉर्म ‘येतो’ आणि ‘जातो’, पावसासारखा, त्यात कुणाचाच दोष नाही. लय ‘हरवते’, म्हणजे कुणीतरी ती हरवलेली असते. सूर आपण ‘लावतो’, पण तो ‘लागेलच’ असं नाही. आणि हात? तो ‘बसवावा’ लागतो. बाबांनी ‘फॉर्म गेला’ म्हटलं तेव्हा त्यांनी सगळ्या संघाला निर्दोष सोडलं, असं मला वाटतं.

गंगेवरचा:
एक वेगळीच तक्रार. पेपरात फलंदाजाला काही सापडत नाही, सगळं ‘गवसतं’. सूर गवसला, लय गवसली. घरी कुणी विचारतं का, ‘अहो, चष्मा गवसला का?’ मी तर हा शब्द क्रीडा पानाबाहेर फारसा ऐकलेला नाही.

धागाकर्ता:
खरंय. पण ‘सूर सापडला’ म्हणून बघा, जणू सोफ्याखाली पडला होता. ‘गवसणे’त शोधत होतो आणि अवचित हाती आलं, असं काहीतरी आहे. राहू द्या तो.

ठेका:
तुमच्या आत्यांना माझा नमस्कार सांगा. तबला वाजवतो, त्यामुळे लयीबद्दल बोलायचा थोडा हक्क आहे. आधी लिंग सांभाळा. ‘ती लय’ म्हणजे गती, विलंबित नाहीतर द्रुत. ‘तो लय’ म्हणजे नाश, सृष्टीचा लय होतो तो. तेव्हा फलंदाजीची लय बिघडली, हे एक. याच मालिकेत पहिल्या कसोटीत बेंगळुरूला सगळे मिळून 46 वर बाद झाले, तो फलंदाजीचा लय. तिथे ‘ची’ लिहिणाऱ्याने ‘चा’ लिहायला हवं होतं.

सातपूरकर:
आणि आमची लय? लय भारी, लय बेकार? ती तिसरी धरा. ‘लय बाद झाले’ एवढं म्हटलं की तिन्ही अर्थ बसतात.

ठेका:
मानलं!
पण गंमत सोडून सांगतो. गाण्यात सूर चुकला की बेसूर, लय चुकली की बेताल, दोन्ही एका वेळी चुकतीलच असं नाही. बॅटीलाही हे लावून बघा. चेंडू बॅटीच्या मधोमध बसतो, आवाज गोड येतो, पण गॅपच मिळत नाही, तासभर उभा राहून 12 धावा. सूर आहे, लय नाही. उलट एखादा भराभर धावा काढतो, पण निम्म्या कडेला लागून. लय आहे, सूर नाही. ‘फॉर्म’ या एका शब्दात हे दोघे वेगळे करता येत नाहीत. म्हणून आत्या बरोबर आहेत.

धागाकर्ता:
आत्याला वाचून दाखवलं. खूश झाली, पण लगेच भर घातली, ‘बेंगळुरूला पहिल्या डावात पाच भोपळे झाले म्हणून सगळे रडतात. आमच्या तानपुऱ्याला भोपळ्याशिवाय आवाज नाही.’ यावर काय बोलणार!

जुना पंच, नाशिकरोड:
एक मूलभूत गोष्ट राहतेय. ‘नजर बसणे’ आणि ‘फॉर्म’ यांत काळाचा फरक आहे. नजर एका डावापुरती बसते. खेळपट्टीवर अर्धा तास काढला, चेंडू किती उसळतो, किती वळतो हे डोळ्यांना कळलं, की नजर बसली. दुसऱ्या डावात पुन्हा शून्यापासून. फॉर्म मात्र डावांमागून डाव चालत येतो. याच मालिकेत बघा. शुभमन गिलने वानखेडेवर पहिल्या डावात 90 केल्या. दुसऱ्या डावात 1 धाव, चेंडू सोडून दिला आणि त्रिफळा उडाला. एका दिवसात काय फॉर्म जातो? नजर बसायची होती, त्याआधीच गेला. सर्फराज तर बेंगळुरूला पहिल्या डावात 0 आणि दुसऱ्यात 150. एकाच कसोटीत फॉर्म गेला आणि आला म्हणायचं का?

उलट रोहितच्या तीन कसोटींतल्या सहा डावांत मिळून 91 धावा, कोहलीच्या 93. तिथे ‘फॉर्म’ हा शब्द शोभतो. बाबांच्या ‘सगळ्यांचा’ या शब्दालाच माझी हरकत आहे. पंतने बेंगळुरूला 99 केल्या, मुंबईत 60 आणि 64. त्याला कशाला गोवायचं?

गंगेवरचा:
पंचांनी बाबांना पायचीत दिलं.

आजीची नात:
नजर ‘बसते’ ती फलंदाजाची, नजर ‘लागते’ ती बघणाऱ्याची. तुमच्या आजींचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका. मायदेशात सलग 18 मालिका जिंकल्यावर कुणाची तरी लागणारच. आमच्याकडे मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या असत्या. तडतडल्या तर दृष्ट होती. आता गॅसवर काय कळणार.

निवृत्त मास्तर:
नाशिकचा धागा आणि बापू नाडकर्णींचं नाव नाही? जन्म इथलाच, 1933 चा. 1964 च्या जानेवारीत मद्रासला इंग्लंडविरुद्ध 32 षटकं, 27 निर्धाव, 5 धावा, बळी एकही नाही. त्यात सलग 21 षटकं निर्धाव. सरावाला खेळपट्टीवर नाणं ठेवून त्यावर चेंडू टाकायचे, असं सांगतात. ‘हात बसणे’ या शब्दप्रयोगाला यापेक्षा चांगलं उदाहरण मला सुचत नाही. अक्षराला हात बसतो, रांगोळीच्या चिमटीला बसतो, पोळी लाटायला बसतो, तसा हा. यात बहर नाही, सूर नाही, नशीबही नाही. रोजचं घोटणं आहे, आणि म्हणून बसलेला हात सहसा जात नाही. ‘त्याचा हात गेला’ म्हटलं तर लोक दवाखान्याचा पत्ता विचारतील.

आता पुढचं ऐका. त्याच मालिकेत कानपूरला हेच बापू फलंदाजीत 52 नाबाद आणि 122 नाबाद. गोलंदाजीत हात बसलेला माणूस फलंदाजीत बहरला. एकाच माणसाला एकाच मालिकेत दोन वेगळे शब्द लागतात. म्हणून मी धागाकर्त्याच्या बाजूचा. हे समानार्थी नाहीत.

जाता जाता, ‘निर्धाव’ हा शब्द ज्याने पहिल्यांदा योजला त्याला साष्टांग. तीन अक्षरांत अख्खं षटक.

धागाकर्ता:
मास्तर, मजा आली. आता मामाच्या ‘बहर’कडे वळतो, कारण त्या दिवशी सगळ्यात जास्त हसू त्यालाच झालं आणि माझ्या मते सगळ्यात खोलात तोच गेला होता.

आपण शहरातले लोक बहर म्हटलं की गुलमोहर, पारिजातक, आपोआप फुललेलं काहीतरी समजतो. मामाची डाळिंबाची बाग आहे. त्याच्याकडे बहर फुलत नाही, ‘धरतात’, आणि शब्दही ‘बहार’. मृग बहार, हस्त बहार, आंबे बहार. डाळिंबाला वर्षभर थोडी थोडी फुलं येतच राहतात, पण ती बाजाराच्या कामाची नाहीत. पीक एकदम, जोरात हवं असेल तर झाडाला आधी ‘ताण’ द्यावा लागतो. म्हणजे पाणी तोडायचं. हलक्या जमिनीत लवकर भागतं, भारी जमीन असली की जास्त दिवस लागतात. पानं पिवळी पडतात, मग इथ्रेल मारून उरलेली पानगळ करायची, छाटणी करायची, खत भरायचं, आणि मगच पाणी सोडायचं. तोवर बाग बघवत नाही. नुसत्या काड्या. लांबून आलेला पाहुणा म्हणतो, अरेरे, बाग गेली.

मामाचं म्हणणं, ‘भाचा, तुमच्या लोकांना ताणातलं झाड आणि मेलेलं झाड यातला फरक कळत नाही. दोन्हीला पानं नसतात.’ आणि दुसरं, ज्या झाडाला ताण मिळालाच नाही, बारा महिने पाणी चालू, त्याची पालवीच वाढत राहते, फूल येत नाही. एवढे सामने खेळवता, त्यांचं पाणी कधी तोडता, असा त्याचा सवाल होता. आत्या म्हणाली, रियाजातही असं होतं, महिनाभर न गाता नुसतं ऐकायचं.

बाबांचा मुद्दाही नोंदवतो, नाहीतर ते रागावतील. त्यांचं म्हणणं, पुण्यात सँटनरने सामन्यात 13 बळी घेतले, वानखेडेवर एजाझ पटेलने 11. चेंडू हातभर वळत होता. खेळपट्टीच आखाडा असेल तर बहर काय आणि सूर काय!

पाटा-वरवंटा:
‘आखाडा’ हिंदीवाल्यांचा, आपण उचलला. पण ‘पाटा खेळपट्टी’ आपली आहे आणि मला फार आवडते. सपाट, कडक, वर काहीही वाटा. माझा प्रश्न दुसरा आहे. ‘नांगर टाकून उभा राहिला’ असं समालोचनात ऐकतो. मराठीत नांगर जहाजाचाही आणि शेतातलाही. लहानपणी निफाडला मी हा वाक्प्रचार ऐकून समजत होतो की फलंदाज नांगर खाली टाकून, काम सोडून, बांधावर उभा आहे. म्हणजे नेमका उलटा अर्थ! समुद्र बघितल्यावर कळलं.

सातपूरकर:
आमच्याकडे अजून तोच अर्थ घेतात. 29 वर 5 ला सगळ्यांनी नांगर टाकलेच होते.

जुना पंच, नाशिकरोड:
‘जम बसणे’ कुणी घेतलं नाही. जम धंद्याचाही बसतो, नव्या सुनेचाही. त्यात माणूस आणि जागा दोन्ही लागतात. फलंदाजाचा जम त्या मैदानावर, त्या क्रमांकावर बसतो. गोल्फ क्लबवर, म्हणजे कान्हेरे मैदानावर, रणजीचे सामने बघताना जाणवायचं. सकाळच्या गारठ्यात पहिल्या तासात जो टिकला, त्याचा जम बसला म्हणायचे कट्ट्यावरचे लोक. फॉर्म हा शब्द तिथे दुपारनंतर निघायचा, धावा दिसायला लागल्यावर.

आजीची नात:
आणि क्रिकेटबाहेरचं? ‘आज सासूबाई फॉर्मात आहेत’ हे वाक्य मराठीतून कुणी काढू शकेल का? इथे ‘लयीत आहेत’ म्हटलं तर त्या कौतुक समजतील. ‘बहरात आहेत’ म्हटलं तर भलताच घोळ.

धागाकर्ता:
नाही काढता येणार. ‘फॉर्मात’ला आपली ‘त’ विभक्ती लागली, शब्द घरचा झाला. ‘फॉर्म भरला’ आणि ‘फॉर्म आला’ यात कुणी गोंधळत नाही, तेवढं पुरे. शब्द हाकलायचा नव्हताच, तो कुठे आळशीपणाने वापरतो एवढं बघायचं होतं.

गंगेवरचा:
धागा वर काढतो. आज 24 नोव्हेंबर. पर्थला ऑस्ट्रेलियाविरुद्ध कोहली 100 नाबाद. आता बोला, यातलं कोणतं क्रियापद? आला, गवसला, लागला की धरला?

ठेका:
सूर लागला. लय अजून ऐकायचीय.

धागाकर्ता:
बाबा सकाळपासून ‘फॉर्म आला, फॉर्म आला’ करत घरभर फिरताहेत. मी मामाला फोन लावला. तो बागेतच होता, आंबे बहाराचं पाणी तोडलंय. स्कोअर सांगितला. म्हणाला, ‘कळी निघाली म्हण. सेटिंग होऊ दे, फळ धरू दे, मग बघू.’