विषय: डिसेंबरात ठाण्यात भाड्याची गाडी, स्वतः चालवावी का?

नमस्कार मंडळी,
धाकट्या भावाच्या लग्नासाठी डिसेंबरात ठाण्याला जातोय. माहेर घोडबंदर रोडला, कार्यालय वाशीला, आणि नंतर कुलदेवतेच्या दर्शनाला चिपळूणजवळ. बरोबर सासूबाई आणि चार वर्षांची लेक. न्यू जर्सीत दोघंही रोज गाडी चालवतो, म्हणून तिथेही सेल्फ-ड्राइव्ह घेऊ असं ह्यांचं म्हणणं. भाऊ नको म्हणतोय. कुणाला अनुभव आहे का?

उत्तर:
ताई, मी ऐरोलीचा. ठाणे-वाशीपुरती हवी तर घ्या, चिपळूणला मात्र ड्रायव्हरसकटच गाडी करा.

आधी नंबर प्लेट बघा. स्वतः चालवायला भाड्याने देतात त्या गाडीची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी कुणी ओळखीत स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका, अपघात झाला तर विमा अडकतो. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट निघण्याआधी ट्रिपल-ए (AAA, अमेरिकेतली वाहनचालकांची संस्था) कडून काढा, मूळ लायसन्सही जवळ ठेवा. गाडी ताब्यात घेताना चारी बाजूंनी व्हिडिओ काढा, स्टेपनीत हवा आहे ना तेही बघा.

डावीकडून चालवणं लवकर जमतं, बाकीच्या सवयी नडतात. अमेरिकेत समोरच्याने दिवे मारले की ‘तुम्ही जा’, भारतात ‘मी येतोय, थांबा’. लाल सिग्नलला तशी पाटी नसेल तर डावीकडेही वळायचं नाही. माजिवडा, कापूरबावडीला उलट्या दिशेने बाइक येणारच हे धरून चाला. पाम बीच रोड मोकळा दिसला तरी वेग वाढवू नका. आणि विमान मध्यरात्री उतरणार असेल तर त्या रात्री चावी हातात घेऊच नका.

पळस्पे फाट्यापुढे मुंबई-गोवा महामार्गावर रात्री दिवे न लावता उभे ट्रक भेटतात. उजाडल्यावर निघा, अंधाराच्या आत पोचा. ड्रायव्हरला आदल्या रात्री किती वाजता सुटलास हे जरूर विचारा. आपण त्याला मध्यरात्री विमानतळावर उभं करतो आणि पहाटे पाचला कोकणात निघायला सांगतो, याचा मला मनापासून राग येतो. त्याच्याही जिवाचा प्रश्न आहे. मुक्कामी त्याला झोपायला खोली द्या, गाडीत झोपायला लावू नका. शहरात आठ तास-ऐंशी किलोमीटरचा हिशेब असतो, बाहेरगावचा भत्ता आधी ठरवा.

उत्तर:
माझी एक भर. 4 सप्टेंबर 2022 ला पालघर जिल्ह्यात उद्योगपती सायरस मिस्त्री कार अपघातात गेले, तेव्हा ते मागच्या सीटवर होते आणि पट्टा लावलेला नव्हता. टॅक्सीत मागचे पट्टे बरेचदा सीटकव्हरखाली दडपलेले असतात. बुकिंग करतानाच ते वर काढून ठेवायला सांगा, आणि सासूबाईंनाही लावायला लावा. लेकीची कारसीट इथूनच न्या, भाड्याच्या गाडीत ती मिळेल या भरवशावर राहू नका. 112 आणि अॅम्ब्युलन्सचा 108, दोन्ही नंबर सगळ्यांच्या फोनमध्ये हवेत.

उत्तर:
दोघांचे मनापासून आभार. ह्यांनी जिचा फोटो मागवला होता ती गाडी पांढऱ्या पाटीचीच निघाली, आजच नाही म्हणून कळवलं. चिपळूणच्या ड्रायव्हरसाठी मामांच्या घरी खोली सांगून ठेवली आहे. कारसीट चेक-इन करताना ती कशात गुंडाळता?