कोंबड्यांच्या खाद्यावर खारी येतात: फीडर बदलावा की मांडणी?

अंगणवेल यांचा प्रश्न:

नमस्कार. आमच्या परसात आठ कोंबड्या आहेत. त्यांतील सहा अंड्यांवर आहेत आणि दोन तलंगा लवकरच अंडी देऊ लागतील. खुराड्याबाहेर, जाळी लावलेल्या अंगणात, छपराखाली प्लॅस्टिकचा टांगता फीडर आहे. त्यात भरड खाद्य असते आणि वरून मूठ-दोन मुठी मका व सूर्यफुलाच्या बिया मी रोज सकाळी मिसळते. गेल्या दोन महिन्यांपासून तिथे खारी येऊ लागल्या आहेत. त्यांतली एक वाशावरून दोरीने उतरते, फीडरच्या काठाला मागचे पाय घट्ट धरून उलटी लटकते आणि पुढच्या दोन्ही पंजांनी भरड उकरून त्यातले मक्याचे दाणे तेवढे वेचते. खाली पडलेले दाणे हातात घेऊन पाहिले, तेव्हा बहुतेकांचा टोकाकडचा मऊ अंकुर खाल्लेला होता आणि उरलेला दाणा तसाच टाकलेला होता.

पूर्वी दहा किलोचे पोते अकरा दिवस पुरायचे, आता ते सातव्या दिवशी संपते. मी दोरीला तेल चोळून पाहिले, घुबडाची प्रतिकृतीही टांगली, पण तीन दिवस बिचकून चौथ्या दिवसापासून खारी पुन्हा येऊ लागल्या. त्यांना इजा होईल असे काहीही मला करायचे नाही. मात्र खाद्यात लेंड्या सापडू लागल्यापासून कोंबड्यांना आणि अंडी खाणाऱ्या घरच्यांना आजार होईल, याची काळजी वाटते. कोंबडीने पाटीवर पाय दिला की झाकण उघडते, असा ट्रेडल फीडर घ्यावा का?

जुनापाळक यांचे उत्तर:

फीडर घेण्यापूर्वी हिशेब मांडून पाहावा, असे मी सुचवीन. अंड्यांवरची मध्यम वजनाची कोंबडी दिवसाला साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. तलंगा थोडे कमी खातात हे धरले, तरी आपल्या आठ पक्ष्यांना रोज सुमारे ९०० ग्रॅम लागते, आणि अकरा दिवसांचा आपला जुना हिशेब त्याच्याशी बरोबर जुळतो. आता मात्र रोज १,४०० ग्रॅमच्या वर खाद्य संपते आहे. म्हणजे दररोज अर्धा किलो कुठेतरी जाते. खार पोटाला लागते तेवढेच खात नाही, ती दाणे नेऊन ठिकठिकाणी पुरूनही ठेवते, त्यामुळे नुकसान तिच्या आकारापेक्षा मोठे असते, हे खरे आहे. तरीसुद्धा दोन-तीन खारी रोज अर्धा किलो भरड नेतात, हे मला पटत नाही.

खार दिवसा हिंडते आणि उंदीर, घुशी रात्री येतात. कोंबड्या अंधार पडताच दांडीवर बसतात आणि उजाडेपर्यंत खाद्याला चोच लावत नाहीत. म्हणून सायंकाळी त्या आत गेल्या की फीडरचे वजन करावे आणि पहाटे दार उघडण्यापूर्वी पुन्हा करावे. मधल्या वेळात जे कमी होईल त्यात खारीचा वाटा नसेल. सोबत फीडरखाली एक जुनी ताडपत्री अंथरून दिवसभरात किती खाद्य सांडते, तेही मोजून पाहावे.

दोरीला तेल लावणे मात्र आजच थांबवावे. ते पिसांना आणि खारीच्या अंगाला चिकटते, आणि त्याचा उपयोग तर झालेलाच नाही.

सुतारपक्षी यांचे उत्तर:

मी असे तीन फीडर स्वतः तयार केले आहेत. त्यांतला पहिला लाकडी होता. खारींनी दोन आठवड्यांत त्याच्या झाकणाची कड अर्धा इंच कुरतडून आत शिरण्यापुरती फट केली. त्यांचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, त्यामुळे कुरतडणे ही त्यांची गरजच असते. म्हणून फीडर पत्र्याचाच असावा, आणि झाकण कडेवरून खाली आलेले असावे, म्हणजे दात लावायला उघडी धार राहत नाही.

वजनातील फरक आपल्या बाजूचा आहे. लहान पट्टेदार खार १०० ग्रॅमच्या आसपास असते, मोठी करडी खार अर्ध्या किलोपर्यंत जाते, आणि पूर्ण वाढलेली कोंबडी दीड ते अडीच किलोची असते. पाटी सुमारे एक किलोच्या खाली दबणार नाही, अशी स्प्रिंग किंवा प्रतिभार लावला तर दोन खारी एकदम बसल्या तरी झाकण हलत नाही. मात्र आपल्या तलंगांचे वजन आधी पाहून घ्यावे, कारण हलक्या पक्ष्याला ही पाटी दबत नाही आणि तो भरल्या फीडरपुढे उपाशी राहतो. पिल्लांसाठी हा फीडर मुळीच वापरू नये. झाकण वरून धाडकन खाली पडणारे नसावे, हळूच मिटणारे असावे. कोंबडी मान आत घालून खात असताना शेजारची पाटीवरून उतरली तर इजा होऊ शकते.

कोंबड्यांना शिकवायला घाई करू नये. सुरुवातीचे आठ-दहा दिवस झाकण पूर्ण उघडे बांधून ठेवावे आणि जुना फीडर काढून घ्यावा. मग झाकण अर्धे मिटवावे, म्हणजे पाटीवर पाय पडताच ते थोडे हलते आणि त्या हालचालीची व आवाजाची त्यांना सवय होते. आमच्याकडे झाकण पहिल्यांदा वाजले तेव्हा सगळा कळप अंगणाच्या दुसऱ्या कोपऱ्यात पळाला आणि तासभर फिरकला नाही. पण एकीला जमले की बाकीच्या तिचे पाहून शिकतात. या काळात प्रत्येक कोंबडीची अन्नपिशवी (मानेच्या तळाशी असलेली, खाल्लेले साठवणारी पिशवी) सायंकाळी हाताने चाचपून पाहावी. ती रिकामी लागली तर त्या पक्ष्याला वेगळे खायला द्यावे. शिवाय आठ पक्ष्यांना एकच पाटी पुरत नाही. वरचढ कोंबडी तिथेच ठाण मांडते आणि तलंगांना जवळ येऊ देत नाही, म्हणून एकमेकांपासून दूर दोन फीडर ठेवावेत.

अंगणवेल:

दोघांचेही मनापासून आभार. चार रात्री वजन केले. खाद्य अनुक्रमे १९०, १६०, २१० आणि १८० ग्रॅम कमी झाले. ताडपत्रीवर रोज साधारण १५० ग्रॅम भरड सांडलेली मिळाली आणि ती ओलसर व मातीमिश्रित असल्यामुळे टाकून द्यावी लागली. इतके दिवस मी सगळा दोष खारींना देत होते, आणि रात्री कोणीतरी येत असेल हे माझ्या मनातही आले नव्हते. आता आधी काय करावे?

जुनापाळक:

याचा अर्थ अर्ध्या किलोतील खारींचा वाटा जेमतेम एक तृतीयांश आहे. रात्रीचा वाटा तर आजच बंद करता येईल. कोंबड्या आत गेल्या की फीडर उचलून झाकणाच्या पत्र्याच्या पिंपात ठेवावा आणि सकाळी परत टांगावा. त्यांना रात्री खाद्य लागतच नाही. पाणी मात्र सकाळी दार उघडताक्षणी मिळेल असे ठेवावे.

सांडण्याचे कारण बहुधा फीडरची उंची आणि तो भरण्याची पद्धत हे आहे. फीडरची कड कोंबडीच्या पाठीच्या रेषेत असावी. खाली असेल तर ती चोचीने भरड बाजूला उडवून हवे ते शोधत बसते. ताट काठोकाठ न भरता निम्म्याहून कमी भरावे. आणि मका व सूर्यफूल खाद्यात मिसळणे थांबवावे, कारण त्या उकरण्यामागे तेच आहे: खार जसे दाणे वेचते तशा कोंबड्याही वेचतात आणि उरलेली भरड बाहेर फेकतात. अंड्यांवरच्या खाद्यात १६ ते १८ टक्के प्रथिने आणि कवचासाठी लागणारे कॅल्शियम मोजून घातलेले असते. त्यावर मका वाढला की ते प्रमाण बिघडते. दाणे द्यायचेच असतील तर ते एकूण आहाराच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावेत, आणि सायंकाळी आपण समोर उभे असताना पाच-दहा मिनिटांत संपतील एवढेच टाकावेत.

चिमणचारा यांचे उत्तर:

मिरचीचा उपाय कोणी सुचवला नाही, म्हणून लिहिते. मिरचीतील कॅप्सेसिनची जळजळ सस्तन प्राण्यांना होते, पक्ष्यांना होत नाही, त्यामुळे मिरची घातलेले खाद्य कोंबड्या निमूटपणे खातात आणि खारी टाळतात. परंतु कोरडी पूड भरडीतून खाली बसते, वारा आला की आपल्या आणि कोंबड्यांच्या डोळ्यांत जाते, आणि प्रत्येक वेळी नव्याने मिसळावी लागते. मी ती दोन आठवडे वापरून सोडून दिली. फीडर तयार होईपर्यंतची सोय म्हणून ठीक आहे.

त्याऐवजी भरड ओली करून दोन वेळा देण्याचा मला अधिक उपयोग झाला. अर्ध्या तासात संपेल इतकीच भिजवावी, उरलेली लगेच काढावी आणि भांडे धुवावे, कारण ओल्या खाद्याला बुरशी फार लवकर धरते आणि बुरशीचे विष कोंबड्यांच्या यकृताला बाधते. ओल्या लगद्यातून खारीला दाणा वेचता येत नाही आणि पळवूनही नेता येत नाही. मात्र दोन्ही वेळी घरी कोणीतरी असायला हवे.

अंगणाच्या जाळीकडेही पाहावे. षट्कोनी घरांची एक इंची जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण लहान खार किंवा उंदीर तिच्यातून सहज येतो. अर्ध्या इंचाची जाड तारेची वेल्ड केलेली जाळी लावून तिचा तळ जमिनीत फूटभर पुरला, तर दोघांचाही मार्ग बंद होतो. संपूर्ण अंगण झाकणे जमत नसेल, तर निदान फीडरचा कोपरा तरी झाकावा.

रात्री उंदीर येत आहेत हे कळल्यावर विष ठेवण्याचा मोह होतो, तो कृपया टाळावा. कोंबड्या विषाच्या गोळ्या टिपतात, मेलेला उंदीरही खातात, आणि रक्त न गोठू देणाऱ्या विषांचा अंश अंड्यांत उतरतो. शिवाय ते विष खारीलाही लागते, आणि बऱ्याच ठिकाणी तिला कायद्याचे संरक्षण असते. खार पकडून दूर सोडण्यानेही काही साधत नाही. ती अनोळखी जागी तग धरत नाही आणि इथली मोकळी झालेली जागा दुसरी खार घेते.

ज्या खाद्यात लेंड्या सापडल्या ते चाळून वापरू नये, टाकूनच द्यावे. उंदरांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोटाचे आजार करणारा जंतू पसरतो, आणि कोंबडी आजारी न दिसताही तो तिच्या अंड्यांपर्यंत पोहोचू शकतो. फीडर गरम पाण्याने व साबणाने धुऊन उन्हात पूर्ण वाळवावा, मगच नवे खाद्य भरावे.