लघवीची जनुकीय तपासणी करून दुसरं ऑपरेशन टाळता येईल का? सल्ला हवा

देवगडची_मुलगी
बाबा ६८ वर्षांचे. आषाढात त्यांना लघवी कोकमाच्या आगळासारखी लाल झाली. दुखत नव्हतं, म्हणून आठवडाभर कुणाला बोललेच नाहीत. सोनोग्राफीत मूत्राशयात गाठ दिसली आणि श्रावण लागताच कोल्हापुरात दुर्बिणीतून ती काढली. कॅन्सर निघाला. रिपोर्टमध्ये आहे: हाय ग्रेड (म्हणजे जोरात वाढणारा), टी १, नमुन्यात मसल नाही. आता ४ आठवड्यांनी त्याच जागी पुन्हा ऑपरेशन करायचं म्हणतात, म्हणजे ऐन चतुर्थीत. बाबा सारखे विचारतात, "परत कित्याक?" पहिलं बिघडलं असंच त्यांच्या मनात बसलंय. भावाने लघवीतल्या डीएनएच्या तपासणीबद्दल वाचलं. ती निगेटिव्ह आली तर थांबता येईल का? कुणाला अनुभव असेल तर कृपया सांगा.

रत्नागिरी_लॅब
ताई, मी पॅथॉलॉजीत २० वर्षं काम करतोय. तुमच्या रिपोर्टमधले शेवटचे तीन शब्द सगळ्यात महत्त्वाचे: 'नमुन्यात मसल नाही'. मूत्राशयाच्या आतल्या अस्तराखाली एक थर आणि त्याखाली स्नायू. टी १ म्हणजे गाठ मधल्या थरापर्यंत गेलीय. स्नायूत शिरलीय की नाही हे स्नायूचा तुकडा आल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून साधारण २ ते ६ आठवड्यांत पुन्हा खरवडून बघतात. पहिलं ऑपरेशन चांगलं झालं असलं तरी टी १ मध्ये हे करतातच, बाबांना हे नक्की सांगा.

लघवीच्या तपासणीत गाठीतून सुटलेल्या डीएनएमधले टर्ट, एफजीएफआर३, टीपी५३ अशा जनुकांतले बदल शोधतात. पॉझिटिव्ह आली तर आत काही उरल्याची शंका बळावते. पण गाठ किती खोल गेलीय हे ती सांगत नाही आणि निगेटिव्ह आली म्हणून काहीच उरलं नाही असंही नाही. पुढे कुणाचं दुसरं ऑपरेशन वाचवता येईल, यावर संशोधन चालू आहे. बाबांच्या रिपोर्टवर मात्र मी तो धोका घेणार नाही. स्नायूत शिरली असेल तर बीसीजीचे (मूत्राशयात सोडायच्या औषधाचे) डोस देत बसण्यात अर्थ नाही, उपचारच बदलतो.

पैसे खर्च करायचेच तर ब्लॉक आणि स्लाइड (गाठीचे मेणात जपलेले तुकडे आणि त्यांच्या काचपट्ट्या) मुंबईत परळच्या टाटा हॉस्पिटलमध्ये दाखवून दुसरं मत घ्या. मात्र त्यासाठी ऑपरेशनची तारीख पुढे ढकलू नका.

कुडाळकर
आमच्या काकांचंही असंच होतं. "चतुर्थी होऊ दे, मग बघू" असं आम्हीच म्हटलं. मग भातकापणी आली, दिवाळी आली. तीन महिन्यांनी बघितलं तर गाठ स्नायूत गेलेली, मूत्राशय काढावं लागलं. आजही ते पोटावरची पिशवी बदलतात तेव्हा मला ते वाक्य आठवतं. ताई, गणपती दीड दिवसाचा करा, भाऊ पूजा करील, पण तारीख सोडू नका. चतुर्थीआधी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांत जागा मिळते, उलट गर्दी असते ती इकडे येणाऱ्यांना. बाबा विडी ओढत असतील तर आजच बंद करा.

देवगडची_मुलगी
दोघांचेही मनापासून आभार. विडी ओढतात, आज बंडल मी उचलून ठेवलं. शुक्रवारी ब्लॉक घ्यायला जाते, ऑपरेशन ठरल्या तारखेलाच. बाबांना कागदावर तीन रेघा मारून थर दाखवले. बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, "मगे ह्यां आधी सांगूक नको?"