बातमीतले आकडे, गावांची नावं: नियम पाळायचा कुठवर?

गावचा वार्ताहर
अकरा वर्षं झाली, तालुक्यातून बातम्या पाठवतो. आमच्या पेपरचा नियम असा: एक ते नऊ अक्षरांत, पुढं आकडे. एकाच नावाच्या दोन गावांना वेगळं ओळखायला नावापुढं लावतात ते 'बु.' (बुद्रुक), 'खु.' (खुर्द) गाळायचं. मी नियम पाळणारा माणूस आहे. पण गेल्या हंगामात खुर्दमधल्या गारपिटीच्या पंचनाम्याची बातमी दिली, डेस्कवर 'खुर्द' उडालं. दुसऱ्या दिवशी नदीपलीकडच्या बुद्रुकची पंधरा-वीस माणसं तलाठ्याच्या दारात. "पेपरात नाव आलं, मंग यादीत काऊन नाही?" त्यात एक म्हातारी, पेपराची घडी पदरात बांधून आणलेली. जागा वाचवली, असं तिला कोणत्या तोंडानं सांगू? सातबाऱ्यावर गावाचं नाव असतं तसंच छापा.

रात्रपाळी
भाऊ, त्या आजीचं खरंच वाईट वाटलं. पण मी डेस्कवर बसतो. एका पानावर दहा जणांच्या बातम्या येतात. एक '२ लाख' लिहितो, दुसरा 'दोन लाख', तिसरा '२,००,०००'. कोणी चांदा, कोणी चंद्रपूर. एक अपवाद केला की उद्या जो तो आपल्या गावासाठी अपवाद मागतो. पेपर म्हणजे गॅझेट नव्हे.

कास्तकार
गॅझेट नसंल जी, पण जाहीर नोटीस तर पेपरातच येते ना? आमच्या वावराच्या नोटिशीत १.०५ हेक्टर होतं, छापून आलं १.५. कोणाला तरी शून्य बिनकामाचं वाटलं. १.०५ म्हणजे १ हेक्टर ५ आर, अन् १.५ म्हणजे १ हेक्टर ५० आर. ४५ आर वाढले, एकराहून जास्त! शेजारी धुऱ्यावर येऊन उभा. चार महिने बोलणं बंद होतं आमचं.

रात्रपाळी
ती नियमाची चूक नाही, नियम मोडल्याची आहे. जमिनीच्या आकड्यातलं शून्य काढायचं नाही, हाही नियमच आहे.

कास्तकार
मंग कापसाचं सांगा. २०२५-२६ चा हमीभाव लांब धाग्याला क्विंटलमागं ८,११० रुपये होता. मथळा 'कापसाला आठ हजार'. व्यापारी तोच मथळा दाखवते. वीस क्विंटलमागं २,२०० रुपये गेले ना हे.

चांदूरच्या बाई
अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे आणि चांदूर बाजार, दोन्ही तालुक्याची गावं. नुसतं 'चांदूरजवळ अपघात' छापलं की दोन्हीकडे जीव टांगणीला. नावाच्या बाबतीत मी वार्ताहरदादांच्या बाजूनं. आकड्यांचं मात्र माझं दोघांशीही जुळत नाही. नऊच्या पुढंही अक्षरांत लिहा की! माझ्या चौथीच्या पोरांना एकोणसाठ आणि एकोणसत्तर ओळखू येत नाहीत. घरी वाचायला पेपरच येतो, आणि त्यात हे शब्द दिसतच नाहीत.

रात्रपाळी
बाई, निवडणुकीची मतं अक्षरांत लिहिली तर वाचणार कोण? ते होणे नाही. वार्ताहरभाऊ, बातमीच्या पहिल्या ओळीत 'खु.' ठेवतो, चला. मथळ्यात मात्र नाही.

गावचा वार्ताहर
दादा, त्या म्हातारीला वाचता येत नाही. नातवानं तिला मथळाच वाचून दाखवला होता.