मदत हवी आहे: खड्ड्याच्या तळाशी बल शून्य कसं?

चिंचगूळ
मुलगी अकरावीला, उद्या सकाळी केमिस्ट्रीची चाचणी. दोन अणूंमधल्या अंतराचा आलेख दिलाय, मध्ये खड्डा. तळाशी बल किती? ती म्हणते सगळ्यात जास्त आकर्षण, उत्तरसूचीत 'शून्य'. छपाईची चूकच असणार ना? लवकर सांगा, पोरगी रडकुंडीला आलीय.

रिकामटेकडा
उभ्या अक्षावर काय लिहिलंय?

चिंचगूळ
अंतर. सांगितलं की.

रिकामटेकडा
तो आडवा हो ताई. उभा!

कोकणकडा
हायड्रोजन बंध पक्के करून घ्या. पाणी १०० अंशांना उकळतं आणि त्याहून जड रेणूचा हायड्रोजन सल्फाइड उणे ६० लाच. हमखास येतं.

चिंचगूळ
पाण्याचं कुठे विचारलंय? आर्गॉन आहे.

खडूफळा
निवृत्त शिक्षक आहे. दोन लोहचुंबक द्या तिच्या हातात, लगेच कळेल.

रिकामटेकडा
सर, चुंबकांची ओढ चिकटेपर्यंत वाढतच जाते. इथे जवळ गेल्यावर उलट ढकललं जातं. स्प्रिंग सांगा.

खडूफळा
स्प्रिंग ताणाल तसा जोर वाढतो. इथे लांब गेलं की ओढ मरते. तुमचंही उदाहरण लंगडंच.

पोहेवाला
अकरावीतच रडकुंडी? कुठला क्लास? फी किती घेतात?

चिंचगूळ
क्लास राहू द्या हो! उभ्या अक्षावर 'स्थितिज ऊर्जा' आहे. बारीक अक्षरात होतं.

रिकामटेकडा
मग सूची बरोबर. ऊर्जेच्या आलेखात बल म्हणजे उतार, खोली नव्हे. तळ सपाट, म्हणून बल शून्य. आकर्षण-प्रतिकर्षण तिथे दोन्ही असतात, पण फिट्टंफाट. आर्गॉनचा तळ साधारण ०.३८ नॅनोमीटरवर. ओढ सगळ्यात जास्त त्याच्या जरा बाहेर, ०.४२ च्या आसपास, जिथे बाहेरची कड सर्वात उभी असते. तळाच्या आत रेटलं तर इलेक्ट्रॉनांचे ढग एकमेकांत घुसू लागतात आणि प्रतिकर्षण भसकन वाढतं. उभ्या अक्षावर बल असतं तर तुमच्या मुलीचं उत्तर बरोबर होतं.

खडूफळा
हे मान्य. चुंबक मागे घेतो. स्प्रिंगही घ्या.

चिंचगूळ
पटलं तिला. आता विचारतेय, बल शून्य तर अणू तिथेच थांबतो का?

रिकामटेकडा
नाही, तळाच्या अल्याडपल्याड डोलत राहतो. तापवलं की डोलणं वाढतं आणि खड्ड्यातून सुटतो. म्हणून तर नेहमीच्या हवेच्या दाबाला द्रव आर्गॉन उणे १८६ अंशांना उकळतो.

कोकणकडा
तरी हायड्रोजन सल्फाइड बघून ठेवा.