विमाननगरमधील व्यवस्थापित विद्यार्थी-निवासात प्रत्यक्ष राहिलेल्यांचा अनुभव हवा आहे

परभणीकर_बाबा

माझ्या मुलीला पुण्यात विमाननगर परिसरातील एका महाविद्यालयात पदवीसाठी प्रवेश मिळाला आहे. महाविद्यालयाच्या वसतिगृहात जागा उरलेली नाही आणि आमचे नातेवाईक वारज्याला असल्यामुळे तिथून रोज ये-जा करणे तिला झेपणार नाही. त्यामुळे खाजगी कंपन्या चालवतात त्या विद्यार्थी-निवासाच्या दोन-तीन इमारती मी पाहून आलो. त्यांतील एकीत दोघींच्या खोलीसाठी प्रत्येकी महिना १६,५०० रुपये सांगितले असून त्यात नाश्ता, दोन वेळचे जेवण, साफसफाई, कपड्यांची धुलाई आणि वायफाय धरलेले आहे. विजेचे बिल वेगळे, अनामत दोन महिन्यांची, करार अकरा महिन्यांचा आणि त्यातले पहिले सहा महिने 'लॉक-इन', म्हणजे त्याआधी सोडल्यास अनामत परत नाही.

इमारत स्वच्छ दिसली, परंतु मला दाखवलेली खोली नमुन्याची होती आणि जी मिळणार आहे ती पाहता आली नाही. करारावर 'लीव्ह अँड लायसन्स' असे कुठेही लिहिलेले नसून 'सेवा करार' असे शीर्षक आहे, हेही मला खटकले. जेवण, मुलींची सुरक्षितता, तक्रारींचे निवारण आणि सोडताना अनामत परत मिळणे, या चार बाबींविषयी अशा ठिकाणी राहिलेल्यांनी किंवा ज्यांची मुले राहिली त्यांनी लिहावे, ही विनंती. कंपन्यांची नावे नकोत, अनुभव हवा आहे.

खिडकीजवळचा_पलंग

काका, मी याच भागात अशाच एका इमारतीत राहते आणि आता शेवटच्या वर्षाला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पाहायला गेल्यावर जिम, खेळाची खोली, रंगीत भिंती यांकडे लक्ष जाते, परंतु पहिल्या महिन्यानंतर तिकडे फारसे कुणी फिरकत नाही. राहणे सुसह्य होते की नाही हे मुख्यतः इमारतीत चोवीस तास असणाऱ्या व्यवस्थापकावर अवलंबून असते. आमच्याकडे सुरुवातीला ज्या ताई होत्या त्या इमारतीतच राहत, प्रत्येकीला नावाने ओळखत आणि रात्री कुणाला ताप आला तर स्वतः रिक्षा करून दवाखान्यात नेत. त्या नोकरी सोडून गेल्यावर कंपनी तीच, दर तेच, जेवण पुरवणारेही तेच राहिले, तरी इमारत बदलल्यासारखी वाटू लागली. नवे गृहस्थ तीन इमारती सांभाळत असल्याने संध्याकाळनंतर फक्त सुरक्षारक्षक असे. म्हणून आपण व्यवस्थापक रात्री तिथेच राहतो का, हे विचारा आणि शक्य झाल्यास एकदा रात्री नऊनंतर न कळवता जाऊन पाहा.

तक्रारी ॲपवर नोंदवाव्या लागतात. त्यात एक गंमत अशी आहे की तक्रार ठरावीक तासांत 'निकाली' दाखवण्याचे बंधन कर्मचाऱ्यांवर असते, त्यामुळे गीझर बंदच असतो आणि ॲपवर मात्र तो दुरुस्त झालेला असतो. अशा वेळी तक्रार पुन्हा उघडून छायाचित्र जोडणे आणि त्याच मजकुराचा ईमेल पाठवणे, एवढे केले की बहुधा काम होते. नळ, दिवे, पंखे यांची कामे लवकर होतात. लिफ्ट आणि पाणी ही मोठी दुखणी आहेत. उन्हाळ्यात या बाजूच्या अनेक इमारती टँकरवर चालतात आणि टँकर उशिरा आला की सकाळच्या तासाला जायच्या वेळी नळ कोरडे असतात.

जेवणाबद्दल तक्रार नाही आणि कौतुकही नाही. देशभरातून आलेल्या मुली असल्यामुळे राजमा, छोले, पनीर यांवर भर असतो. आपल्याकडची पातळ पोळी मिळत नाही, जाड रोटी मिळते, आणि भाकरी तर क्वचितच. रविवारी नाश्ता आणि दुपारचे जेवण एकत्र करून उशिरा देतात, म्हणजे त्या दिवशी प्रत्यक्षात दोनच वेळा खायला मिळते. खोलीत इलेक्ट्रिक किटलीला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्या, कारण परीक्षेच्या दिवसांत रात्री अकरानंतर भूक लागते आणि तेव्हा खानावळ बंद झालेली असते.

सुरक्षिततेबाबत मी समाधानी आहे. दारावर बोटाचा ठसा द्यावा लागतो, रात्री साडेदहानंतर आत येणाऱ्या मुलीच्या पालकांना संदेश जातो आणि बाहेर मुक्काम करायचा असल्यास पालकांची संमती ॲपवरच मागितली जाते. काही मुलींना याचा जाच वाटतो. मलाही कधी कधी वाटतो, कारण ग्रंथालयातून परतायला उशीर झाला तरी घरी संदेश जातो आणि मग आईचा फोन येतो.

शेवटचा मुद्दा विजेचा. प्रत्येक खोलीला वेगळे उपमीटर असते आणि येणारे बिल राहणाऱ्यांत समान वाटले जाते. एखादी मुलगी सुट्टीत महिनाभर गावी गेली तरी तिच्या नावावर निम्मे बिल पडते, आणि एसी कुणी किती लावायचा यावरून खोलीतल्या मैत्रिणींत जेवढे वाद होतात तेवढे दुसऱ्या कशावरूनही होत नाहीत. प्रतियुनिट दर किती लावणार, हे करारात लिहून घ्या आणि राहायला येण्याच्या दिवशी मीटरवरील आकड्याचे छायाचित्र काढून ठेवा.

करारनामा_वाचा

आपल्याला शीर्षक खटकले, ते योग्यच आहे. मी या विषयात वकिली करतो, म्हणून कायद्याच्या बाजूने थोडे लिहितो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ याच्या कलम ५५ नुसार जागा भाड्याने किंवा लीव्ह अँड लायसन्सने देण्याचा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी जागा देणाऱ्यावर असते. मात्र त्याच अधिनियमातील 'लायसन्सी'च्या व्याख्येतून हॉटेल, लॉजिंग हाऊस, होस्टेल अशा ठिकाणी राहणाऱ्या व्यक्तीला वगळलेले आहे. कंपन्या 'सेवा करार' करतात तो याच आधारावर, तेव्हा तो तेवढ्यावरून बेकायदेशीर ठरत नाही. बोलीभाषेत आपण अशा सर्व जागांना 'पीजी' म्हणतो, पण या अधिनियमाप्रमाणे पेइंग गेस्ट म्हणजे जागा देणारा स्वतः जिथे राहतो त्याच जागेचा काही भाग मिळालेली व्यक्ती. म्हणून कंपनीची इमारत त्यातही बसत नाही.

व्यवहारात याचा परिणाम दोन ठिकाणी जाणवतो. नोंदणीकृत करार नसल्यामुळे पासपोर्ट किंवा बँकेच्या कामाला पत्त्याचा पुरावा म्हणून हा कागद चालेलच असे नाही. महाविद्यालयाचे बोनाफाइड प्रमाणपत्र आणि कंपनीचे पत्र यांवर कदाचित काम भागवावे लागेल. दुसरे म्हणजे, अनामतीवरून वाद झाल्यास आपले मुख्य साधन ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ हे राहते. कंपनीने स्वतःच कराराला 'सेवा' म्हटल्यामुळे सेवेतील त्रुटीची तक्रार करणे एका परीने सोपे जाते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या मोबदल्याच्या प्रकरणांना शुल्क लागत नाही आणि तक्रार ऑनलाइनही दाखल करता येते. बहुतेक वेळा त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर केलेली नोंदच पुरेशी ठरते, कारण पैसे अडवून ठेवण्यापेक्षा प्रकरण मिटवणे कंपनीला स्वस्त पडते.

आणखी दोन गोष्टी तपासाव्यात. सलग किमान ९० दिवस राहणाऱ्यासाठी माणशी महिना २०,००० रुपयांपर्यंतच्या निवासाच्या रकमेवर जुलै २०२४ पासून जीएसटी माफ आहे, तेव्हा १६,५०० रुपयांच्या निवासावर तो लावलेला दिसल्यास कोणत्या सेवेसाठी लावला, हे लेखी विचारावे. अग्निसुरक्षेची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र इमारतीच्या मालकाने अथवा वापरणाऱ्याने दर वर्षी जानेवारी आणि जुलै महिन्यांत सादर करायचे असते. त्याला 'फॉर्म बी' म्हणतात. ते दाखवा असे म्हटल्यावर समोरची व्यक्ती गोंधळली, तर बाकीच्या कागदांबद्दलही सावध राहिलेले बरे.

कोल्हापूरची_आई

माझा मुलगा एक वर्ष अशा ठिकाणी राहिला आणि नंतर मित्रांबरोबर फ्लॅटमध्ये गेला. सोडताना अनामतीतून रंगकाम, 'खोल साफसफाई' आणि गादीवरचा डाग या नावांखाली बरीच रक्कम कापली गेली. आम्ही प्रवेशाच्या दिवशी खोलीचे एकही छायाचित्र काढलेले नव्हते, त्यामुळे डाग आधीचा होता हे सांगून उपयोग झाला नाही. भिंत, गादी, कपाटाची आतली बाजू, बाथरूमचे नळ या सर्वांची छायाचित्रे पहिल्याच दिवशी काढून व्यवस्थापकाला ईमेलने पाठवा, व्हॉट्सॲपवर नको, कारण तो माणूस बदलतो आणि त्याच्याबरोबर संदेशही जातात.

असे असूनही फ्लॅटच बरा, असे मी म्हणणार नाही. फ्लॅट घेताना दलालाला एक महिन्याचे भाडे द्यावे लागले, सोसायटीने अविवाहित मुले नकोत म्हणून दोनदा नकार दिला, स्वयंपाकाच्या मावशी सुट्टीवर गेल्या की मुले बाहेरचे खात आणि वायफाय बंद पडल्यावर कुणी फोन करायचा यावरून भांडत. हिशेब केला तर महिन्याला दोन-अडीच हजारांपलीकडे बचत झाली नाही. पहिल्या वर्षी शहर अनोळखी असताना मुलीला व्यवस्थापित इमारतीतच ठेवावे, असे माझे मत आहे. मात्र सुट्टीच्या काळात मेसचे पैसे वजा होतात का, हे नक्की विचारा. आमच्याकडे दिवाळीत तीन आठवडे खोली रिकामी असतानाही पूर्ण रक्कम घेतली गेली.

माजी_कर्मचारी

मी काही काळ अशा व्यवसायात इमारत-व्यवस्थापनाचे काम केले आहे, त्यामुळे पलीकडची बाजू सांगतो. बहुतेक ठिकाणी इमारत कंपनीच्या मालकीची नसते. मालकाकडून ती काही वर्षांच्या कराराने घेतलेली असते आणि मालकाला दरमहा ठरलेली रक्कम द्यावीच लागते, पलंग भरले असोत वा नसोत. त्यामुळे सर्व गणित किती पलंग भरले यावर चालते आणि लॉक-इनची अट त्यातूनच येते. जून-जुलैमध्ये रांग लागलेली असते, तेव्हा त्या अटीत कुणी सूट देणार नाही. ऑगस्टच्या अखेरीस पलंग रिकामे राहिले असतील, तर तीच अट सहावरून तीन महिन्यांवर आणता येते.

जेवण तिथेच शिजते की मध्यवर्ती स्वयंपाकघरातून येते, हेही विचारावे. बाहेरून येणारे जेवण वाहतुकीत अडकले की थंड होते आणि उशिरा येणाऱ्याला उरलेले मिळते. तिथेच शिजत असेल, तर आचाऱ्याशी ओळख करून घेतलेली मुलगी सहसा उपाशी राहत नाही.

परभणीकर_बाबा

सर्वांचे मनापासून आभार. आपण लिहिल्याप्रमाणे करार पुन्हा वाचला, तेव्हा एक कलम सापडले. 'व्यवस्थापनाच्या गरजेनुसार निवासीस समकक्ष सुविधा असलेल्या अन्य इमारतीत स्थलांतरित करण्याचा अधिकार कंपनीस राहील' असे त्यात आहे. हे नेहमीचे आहे का? समकक्ष इमारत वाघोलीला असली, तर विमाननगर निवडण्याचा हेतूच राहत नाही.

माजी_कर्मचारी

नेहमीचे आहे. मालकाशी केलेला करार संपला किंवा फिसकटला की संपूर्ण इमारत रिकामी करावी लागते, आणि त्या वेळी हे कलम वापरले जाते. मालकाशी असलेला करार कधी संपतो, एवढे विचारा. आपल्या अकरा महिन्यांच्या आतच तो संपत असेल, तर दुसरी इमारत पाहा.

खिडकीजवळचा_पलंग

आमच्या शेजारच्या इमारतीतील मुलींना सत्राच्या मध्येच असे हलवले होते. सामान कंपनीनेच नेले, पण महाविद्यालय चालत जाण्याच्या अंतरावर राहिले नाही आणि रिक्षाचा रोजचा खर्च मुलींच्या माथी आला.

करारनामा_वाचा

कलम काढून टाकायला कंपनी बहुधा तयार होणार नाही, म्हणून त्याला दोन वाक्ये जोडून मागा. पहिले असे, की स्थलांतर महाविद्यालयापासून दोन किलोमीटरच्या आतील इमारतीतच होईल. दुसरे असे, की ते मान्य नसल्यास निवासीला लॉक-इन आणि नोटीस यांशिवाय करार संपवता येईल आणि पूर्ण अनामत पंधरा दिवसांत बँक खात्यात जमा होईल. छापील करारात बदल करता येत नाही असे उत्तर मिळाले, तर हीच वाक्ये ईमेलने पाठवून 'मान्य आहे' असे त्यांचे लेखी उत्तर आल्यावरच अनामत भरा. फोनवर दिलेले आश्वासन त्या विक्री-प्रतिनिधीच्या नोकरीइतकेच टिकते.