मदत हवी आहे: पीपीपी लोन, द्राक्षबाग आणि बुटाच्या खोक्यातली बिलं

नमस्कार मंडळी, अमेरिकेतल्या शेतीचे टॅक्स-हिशेब बघणारं कुणी आहे का इथे? आमच्या भाऊजींची (धाकटे दीर) कॅलिफोर्नियात वाइनच्या द्राक्षांची छोटी बाग आहे, पगारी माणूस एकही नाही, तोडणीला कॉन्ट्रॅक्टरची माणसं येतात. २०२१ मध्ये त्यांनी शेड्यूल एफच्या (टॅक्स रिटर्नमधला शेतीच्या नफ्या-तोट्याचा फॉर्म) ग्रॉस इन्कमवर पीपीपी लोन (कोविडकाळात छोट्या धंद्यांना पगार वगैरेंसाठी दिलेलं, अटी पाळल्या तर माफ होणारं सरकारी योजनेतलं कर्ज) घेतलं, २०,८३३ डॉलर, म्हणजे एकट्या शेतकऱ्याला जास्तीत जास्त मिळायचं तेवढं, आणि ते नंतर माफही झालं. आता बँकेने कागद मागितलेत आणि ह्यांचा सगळा हिशेब बुटाच्या खोक्यात, त्यातली अर्धी बिलं पार कोरी पडलीयत, शाईच उडाली! तोडणीवाल्यांचे पैसे पेरोलमध्ये धरत नाहीत हे कळलंय, पण कर्जातल्या मालकाच्या स्वतःच्या वाट्याचा पुरावा म्हणून शेड्यूल एफ आणि बँक स्टेटमेंट पुरतं का?

शिवाय २०२० ला यूएसडीएचे (अमेरिकेचं कृषी खातं) सीएफएपीचे, म्हणजे कोविडमधल्या शेतकरी-मदतीचे, पैसेही आलेले. ते उत्पन्नात दाखवायचे असतात आणि पीपीपीची माफी फेडरल टॅक्सला धरत नाहीत, भाऊजींनी बहुतेक नेमकं उलटं केलंय 🤦‍♀️ आधी रिटर्न दुरुस्त करावं की बँकेला उत्तर द्यावं? "काही होत नाही हो" वाले सल्ले नकोत प्लीज, ते घरात भरपूर मिळतायत.